लिडारची निविदा काढण्यापूर्वी: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,
सविनय नमस्कार.

इंदूरच्या हवेसाठी अवरक्त लिडार (अदृश्य लेसर प्रकाशाने हवेतल्या कणांचा वेध घेणारे यंत्र) घ्यायचा विचार असेल, तर त्याच्याकडून पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या वजनाचा, आकडा मागू नये. मागावी ती मिसळत्या थराची, म्हणजे जमिनीलगतची हवा आणि प्रदूषण जिथवर ढवळले जाते त्या थराची, उंची.

लेसरचा स्पंद वर जातो, धूलिकणांवर विखुरतो आणि थोडा प्रकाश परत येतो. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर अंतर. इथवर हिशेब सरळ आहे. पण परतलेल्या प्रकाशात कणांनी मागे फेकलेला भाग आणि वाटेतली घट एकत्र असतात. समीकरण एक, अज्ञात दोन, आणि दोघांचे गुणोत्तर धुळीला वेगळे, धुराला वेगळे. त्यात जानेवारीच्या पहाटे आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की कण पाण्याने फुगतात: संकेत वाढतो, कोरडे वजन तेवढेच. असा आकडा चौकातल्या फलकावर झळकला तर लोक उगाच घाबरतील आणि पुढे खऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. वजनाचे काम जमिनीवरच्या केंद्रांचेच.

हिवाळ्यात रात्री हा मिसळता थर एक-दोनशे मीटरपर्यंत खाली बसू शकतो. खरेदी फसते ती इथे. लेसर आणि दुर्बीण शेजारी-शेजारी असलेल्या यंत्रात झोत व दृष्टिक्षेत्र पूर्ण जुळायला काहीशे मीटर लागतात, म्हणजे हवा तो थर नेमका आंधळ्या पट्ट्यात! एकाच भिंगातून पाठवणारे-घेणारे यंत्र घ्यावे. ती बहुधा ९१० नॅनोमीटरवर चालतात, तिथे बाष्प प्रकाश शोषते. १०६४ नॅनोमीटरला ही अडचण नाही. तरी हा तोटा परवडतो, कारण थराची कड शोधायला संकेताचा उतार पुरतो.

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने जून आणि जुलैच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सरळ उभ्या यंत्राच्या शोधकाला (परतलेला प्रकाश टिपणाऱ्या भागाला) तो धोका आहे. यंत्र १० अंश उत्तरेकडे कलवावे, तिकडे सूर्य कधीच पोहोचत नाही, अंतराला ०.९८५ने गुणले की उंची मिळते. काच मे महिन्यात धुळीने माखते. आधी पाणी, मग मऊ कापड. कोरडे फडके ओरखडे पाडते.

अंशशोधन, म्हणजे यंत्राचे माप ज्ञात मूल्याशी जुळवून घेणे, पावसाळ्यातल्या दाट, रिमझिम नसलेल्या ढगांवर करता येते: ९१० नॅनोमीटरला त्यांचे घट आणि मागे फेकलेला प्रकाश यांचे गुणोत्तर सुमारे १८.८ स्टेरेडियन असते. मात्र त्यासाठी संकेताच्या मूळ नोंदी हव्यात. केवळ रंगीत चित्रे देणाऱ्या पुरवठादाराची निविदा उघडताच बाजूला ठेवावी.

आपले,
इंदूरचे काही वातावरण-अभ्यासक