पांढरकवडा आगाराच्या आमच्या ड्रायव्हरभाऊंना

भाऊ, सादर नमस्कार.

या महिन्याअखेरीस तुम्ही निवृत्त होताय, असं मुक्कामी गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. आगारात आणि आमच्या गावात हे पत्र कोणाला आहे ते न सांगताही कळेल. 2021-22 च्या एसटी संपात तुम्ही आमच्या पोरींसाठी जे केलं ते बाकीच्यांनाही कळावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कोरोनात दीड वर्ष शाळा बहुतेक बंदच होत्या. 4 ऑक्टोबर 2021 ला खेड्यातल्या शाळा उघडल्या, पोरींनी एसटीचे फुकट पास काढले, आणि दिवाळी होते न होते तोच राज्यातली अडीचशे आगारं बंद पडली. तालुक्याच्या शाळेला जायला आमच्या गावाला एसटीशिवाय दुसरं साधन नाही. काळी-पिवळीवाले तोंडाला येईल ते भाडं सांगायला लागले. पायी पाठवावं तर रस्ता टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं. 2018 ला बोराटीच्या जंगलात ती नरभक्षक वाघीण मारली, त्याआधीचे दिवस आमच्या भागातली कोणतीही माय विसरलेली नाही. वरून कापूस वेचणीचे दिवस. माझ्या जावेनं तर पोरीचं दप्तर उचलून माळ्यावर टाकलं आणि तिच्या कमरेला कापसाची ओटी बांधली. तिची दहावी तिथंच संपली असती.

तेव्हा तुम्ही स्वतः संपात होता. पगार बंद झालेला, दिवसभर आगारासमोरच्या मंडपात बसणं. तरी साडूची ट्रॅक्स मागून आणलीत आणि सकाळ-संध्याकाळ पोरींना नेणं-आणणं सुरू केलंत. आमच्याकडून डिझेलपुरतेच पैसे घेतलेत. मागच्या पायरीवर एकाही पोरीला लटकू दिलं नाही. शाळेसमोर उतरवताना मोठ्यानं डोकी मोजायचे, आणि शेवटची पोरगी फाटकाच्या आत गेल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण मिटिंगला जाताना मीही त्याच गाडीत बसायची.

मंडपातल्या काही जणांना ते पटलं नव्हतं. ‘पोट्ट्या नेऊन तू संप मोडतं काय?’ असं तुम्हाला विचारलं गेलं. तुम्ही म्हणालात, ‘एसटीच्या स्टेअरिंगला मी हात लावला नाही. पण या पोरी घरी बसल्या तर उद्या गावात आपल्याला उभं कोण करील?’ पुढं त्यांच्यातलेच दोघं आळीपाळीनं तुमच्या जागी गाडी चालवायला आले.

संप कशासाठी होता, तेही मला तुमच्याच शेजारी बसून कळलं. पेपरात ‘विलीनीकरण’, म्हणजे एसटी महामंडळ सरकारात सामील करा, एवढंच वाचत होतो. कपाती जाऊन हातात किती उरतात, तोही पगार कधी वेळेवर होतो कधी नाही, हे तुम्ही गाडी चालवता चालवता सांगितलंत. मी अंगणवाडी सेविका. आहार, लसीकरण, वजनं, नोंदी, सगळं काम सरकारचं करते, पण सरकारी कर्मचारी म्हणून मला कोणी धरत नाही. म्हणून मला ते लगेच कळलं. 24 नोव्हेंबरला पगारवाढ जाहीर झाली, तीही ज्यांची नोकरी दहा वर्षांच्या आत त्यांना मूळ पगारात 5000, आणि वीस वर्षांच्या वर झालेल्या तुमच्यासारख्यांना 2500. त्या दिवसांत एसटीच्या किती लोकांनी जीव दिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला त्या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत, पण मंडपातल्या एका तरुण पोराला तुम्ही रोज आपल्यासोबत घरी जेवायला नेत होतात, ते मला माहीत आहे.

15 मार्चला दहावीचा पहिला पेपर. त्या सकाळी ट्रॅक्सच्या मागं तुमचा मुलगा फटफटीवर येताना दिसला. मी विचारलं तर म्हणालात, जुनी गाडी आहे, रस्त्यात बसली तर दुसरी बोलवायला कोणीतरी पाहिजे. 4 एप्रिलच्या शेवटच्या पेपरापर्यंत तो रोज आला. गाडी एकदाही बंद पडली नाही. इतका पुढचा विचार आम्ही आईबापांनीही केला नव्हता.

पुढं हायकोर्टानं 22 एप्रिलपर्यंत कामावर जायला सांगितलं. विलीनीकरण झालं नाही. तुम्ही परत आमच्याच मुक्कामी गाडीवर आलात.

माझी मुलगी आता यवतमाळला नर्सिंग शिकते आहे. जावेची पोरगी बारावी होऊन डी.एड.ला आहे, आणि तिच्या मायनं हे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिचं म्हणणं, दप्तर माळ्यावर टाकल्याचंही लिही. लिहिलं आहे.

भाऊ, सरकारी नोकराला मिळतं तसं पेन्शन तुम्हाला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी तुम्ही लोक पुन्हा मंडप टाकाल, तेव्हा निरोप द्या. गावातल्या आम्ही बाया येऊन बसू, डबे आमचे आम्ही आणू.

तुमची बहीण,
एक अंगणवाडी सेविका, तालुका केळापूर