वर्गणीच्या रकान्यावरून संप

डब्लिन

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मालक पगारातून संघटनेची वर्गणी कापून देत नाही, अशा किरकोळ कारणावरून रुग्णवाहिकेची माणसे संपावर जातातच कशी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. २२ जानेवारी २०१९ रोजी आयर्लंडच्या सरकारी रुग्णवाहिका सेवेतील 'नासरा' या सुमारे ५०० सभासदांच्या संघटनेने संप केला, तेव्हा येथेही पुष्कळांनी हेच विचारले होते.

नासरा ही मनोरुग्ण परिचारकांच्या पीएनए या संघटनेची शाखा. आरोग्य प्रशासनाचे, म्हणजे एचएसईचे, उत्तर ठरलेले होते: या सेवेत आम्ही सिप्टू या दुसऱ्या कामगार संघटनेला मानतो, तुमच्याशी वाटाघाटी नाहीत आणि तुमची वर्गणीही आम्ही कापणार नाही. वर्गणी बँकेतून परस्पर भरता येते, हे खरे. पण मालकाने पगारपत्रकावर संघटनेच्या नावाचा रकाना घातला, की तिचे अस्तित्व त्याने लेखी कबूल केल्यासारखेच होते. दोन्ही बाजू इरेला पेटल्या त्या यामुळे. येथील १९३७ च्या राज्यघटनेने संघटना स्थापण्याचा हक्क दिला आहे, मात्र मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन नाही. (तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे गाव मालवणजवळचे वराड, आपल्या मंडळींना त्याचे कोण कौतुक, पण संपकऱ्यांना त्याचा काय उपयोग!)

संघटना वाढल्या की वाटाघाटी विस्कटतात, हे प्रशासनाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. परंतु कामगार कोणाच्या मागे आहेत हे मालकानेच ठरवायचे, हे मला पटत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात निदान हिशेब तरी आहे: आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असल्याचे औद्योगिक न्यायालयात दाखवावे लागते, आणि मान्यता मिळाली की जेथे पगार वाटला जातो तेथेच वर्गणी गोळा करण्याचा हक्कही मिळतो. अर्थात कायद्याने दिलेली मान्यताही कशी गळ्याशी येते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि १९८२ च्या गिरणी संपात कामगार मात्र दत्ता सामंतांच्या मागे. मालक बोलणार कागदावरच्या संघटनेशी आणि गिरण्या बंद भलत्याच नेत्याच्या शब्दावर. म्हणून मला मान्यतेपेक्षाही ती ठराविक काळाने पुन्हा तपासण्याची सोय महत्त्वाची वाटते.

तू औद्योगिक न्यायालयात इतकी वर्षे वकिली केलीस. एकच कामगार दोन संघटनांच्या पावत्या बाळगून असतो, तेव्हा सभासदत्वाची पडताळणी प्रत्यक्षात कशी होते, ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर