वाक्याविना शब्दाची जात विचारू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर आल्या की शिकवणीवर्गांच्या सराव प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या उत्तरसूच्या घरोघरी फिरू लागतात. सातवीत शिकणारी माझी नात गेल्या आठवड्यात अशीच एक तपासून आलेली इंग्रजीची प्रश्नपत्रिका घेऊन माझ्यापुढे बसली. ‘पार्ट ऑफ स्पीच ओळखा’, म्हणजे शब्दाची जात ओळखा, या प्रश्नाखाली ‘बट’, ‘अप’, ‘सिन्स’, ‘राउंड’ आणि ‘दॅट’ असे पाच शब्द एकाखाली एक छापले होते. वाक्य एकाही शब्दाला नव्हते. ‘अप’पुढे तिने ‘ॲडव्हर्ब’ (क्रियाविशेषण) लिहिले होते, त्यावर लाल फुली होती आणि शेजारी ‘प्रेपोझिशन’ (शब्दयोगी अव्यय) असा शेरा होता. तिचे म्हणणे असे की, आई रोज सकाळी ‘गेट अप’ म्हणते तेव्हा ‘अप’च्या पुढे काहीच येत नाही, मग ते शब्दयोगी अव्यय कसे? तीस वर्षे इंग्रजी शिकवूनही मला त्या फुलीचे समर्थन करता आले नाही, आणि म्हणून हे पत्र.

मराठी व्याकरणात शब्दांच्या जाती शिकवताना एक सोय आपोआप मिळते. ‘तो पुढे गेला’ यातला ‘पुढे’ क्रियाविशेषण आहे आणि ‘घरापुढे अंगण आहे’ यातला ‘पुढे’ शब्दयोगी आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. कारण दुसऱ्या वाक्यात ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’ झाले आणि ‘पुढे’ त्याला चिकटून बसला. इंग्रजीत ही खूण नाही. ‘कम इन’ म्हटले काय आणि ‘इन द हाउस’ म्हटले काय, ‘इन’ तसाच सुटा उभा राहतो आणि नामाचे रूपही बदलत नाही. म्हणून इंग्रजीतल्या या बारक्या शब्दांची जात शब्दाकडे पाहून कळतच नाही. शेजारपाजार पाहावा लागतो. ‘ही रॅन अप द हिल’ (तो धावत टेकडी चढला) आणि ‘ही रॅन अप अ बिल’ (त्याने उधारी वाढवली) ही दोन वाक्ये वरून जुळ्या भावांसारखी दिसतात. पण ‘हिल’ आणि ‘बिल’ यांच्या जागी ‘इट’ घालून पाहिले की भेद उघडा पडतो: टेकडीच्या बाबतीत ‘रॅन अप इट’ असेच म्हणावे लागते, तर उधारीच्या बाबतीत ‘रॅन इट अप’ असे म्हणतात. पहिला ‘अप’ टेकडीशी बांधलेला आहे, दुसरा क्रियापदाशी. दुसऱ्याला शाळेत क्रियाविशेषण म्हणतात, अलीकडचे अभ्यासक ‘पार्टिकल’ म्हणतात. पण शालेय व्याकरणात प्रेपोझिशन मात्र त्याला सहसा कोणी म्हणत नाही. सातवीच्या मुलाला ही कसोटी दोन मिनिटांत समजते.

‘दॅट’ची गोष्ट तर आणखी रंगतदार आहे, आणि तिथे मराठी मुलाच्या हाती एक फुकटचे साधन आहे, ते म्हणजे भाषांतर. ‘दॅट इज माय बुक’ याचे मराठी केले की ‘ते’ येते आणि ते सर्वनाम असते. ‘आय नो दॅट ही केम’ यात ‘की’ येते, म्हणजे उभयान्वयी. ‘द बुक दॅट आय लॉस्ट’ यात ‘जे’ येते, म्हणजे संबंधी सर्वनाम. आणि ‘इट इज नॉट दॅट कोल्ड’ यात ‘इतके’, म्हणजे क्रियाविशेषण. अर्थात हे साधन सगळीकडे चालत नाही, कारण ‘दॅट बुक इज माइन’ यात पुन्हा ‘ते’च येते आणि इथे मात्र ते विशेषण असते. तरीही एका शब्दाच्या पाच कामांपैकी तीन आपल्या भाषेने वेगळी काढून दिली, हे काही कमी नव्हे. उत्तरसूचीत ‘दॅट’पुढे ‘प्रोनाउन’ एवढेच होते.

आता ‘सिन्स’. शाळेतली रीत अशी की, ‘सिन्स मंडे’ म्हटले तर तो प्रेपोझिशन, ‘सिन्स ही केम’ म्हटले तर कंजंक्शन (उभयान्वयी) आणि ‘आय हॅव नॉट सीन हिम सिन्स’ म्हटले तर ॲडव्हर्ब. डॅनिश व्याकरणकार ओटो जेस्पर्सन यांनी १९२४ सालीच या विभागणीला हरकत घेतली होती. एखादे क्रियापद कर्म घेते, कधी घेत नाही, कधी त्याच्यापुढे अख्खे वाक्य येते. तरी आपण त्याला क्रियापदच म्हणतो, मग या अव्ययांनाच तीन खणांत का कोंबायचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या २००२ सालच्या केंब्रिजच्या इंग्रजी बृहद्व्याकरणातही ‘सिन्स’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ हे शब्द कालवाचक अर्थी या तिन्ही ठिकाणी प्रेपोझिशनच मानले आहेत. गंमत अशी की, मराठी याला न मागता दुजोरा देते: ‘सोमवारपासून’, ‘तो आल्यापासून’, ‘तेव्हापासून’ या तिन्हींत ‘पासून’ एकच आहे आणि त्याला आपण कधी तीन जातींत वाटले नाही. कारण दाखवणारा ‘सिन्स’ तेवढा निराळा. तिथे आपण ‘ज्याअर्थी’ म्हणतो.

शब्दांच्या जाती आठ, हा आकडासुद्धा आकाशातून पडलेला नाही. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावे असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या. लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) नव्हते, तेव्हा त्याची जागा केवलप्रयोगी अव्ययाने भरून आठाचे गणित कायम ठेवले गेले. आपल्या निरुक्तकार यास्काचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात या चारांवर भागले होते. रॉबर्ट लोथ यांच्या १७६२ सालच्या इंग्रजी व्याकरणात नऊ आहेत. संख्येवरच एकमत नाही तिथे प्रत्येक शब्दाच्या कपाळावर एकच शिक्का मारण्याचा हट्ट कशाला?

संगणकासाठी इंग्रजी मजकुरातल्या शब्दांना जाती लावण्याचे काम ज्यांनी केले, त्यांचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह केला आणि पुढे त्यातल्या शब्दांना जाती लावण्यात आल्या. तिथे ‘टू गो’मधला ‘टू’ आणि ‘टू स्कूल’मधला ‘टू’ वेगळे धरले होते. नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहात विरामचिन्हे सोडून शब्दांच्या जातींसाठी ३६ खुणा ठरल्या आणि त्यात दोन्ही ‘टू’ एकाच खुणेखाली आले. प्रेपोझिशन आणि गौण वाक्य जोडणारी उभयान्वयी अव्ययेही एकाच खुणेत गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाक्य समोर असूनही निर्णय होत नसेल तर मध्ये उभी रेघ देऊन दोन खुणा लावण्याची मुभा तिथल्या तपासनिसांना होती. पूर्ण वाक्य हाताशी असलेल्या जाणकारांना जी सवलत मिळाली, ती वाक्यच न मिळालेल्या बारा वर्षांच्या मुलीला मिळाली नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हे प्रश्न आता वाडीवस्तीवरच्या मुलांपुढेही येतात आणि पुष्कळ घरांत उत्तरसूचीशिवाय विचारायला दुसरे कोणी नसते. म्हणून प्रश्न काढणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, शब्द अधोरेखित करून पूर्ण वाक्य छापावे, उत्तरासोबत एका ओळीचे कारण मागावे आणि कारण पटण्याजोगे असेल तर उत्तरसूचीत नसलेल्या उत्तरालाही गुण द्यावा. ‘ही वेंट होम’मधला ‘होम’ कुणी नाम म्हटला आणि कुणी क्रियाविशेषण, तर दोघांचे कारण वाचूनच गुण ठरावा. यात तपासणीचा वेळ वाढेल, हे मला माहीत आहे; गठ्ठे मीही तपासले आहेत.

नातीच्या प्रश्नपत्रिकेवरची फुली मी खोडलेली नाही. तिच्याखाली पेन्सिलीने ‘गेट अप’ एवढेच लिहून ती वर्गाकडे परत पाठवली आहे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा