सूचना : रविवारपासून लहानग्यांचे चेंडूचे खेळ

सर्व सभासद पालकांना नमस्कार,

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी ७.३० ते ८.३० या वेळेत बागेशेजारच्या मोकळ्या जागेत ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी चेंडूचे खेळ घेणार आहोत. त्या तासात तिथे गाड्या लावू नयेत, ही कळकळीची विनंती.

घरून क्रिकेटचा किंवा टेनिसचा चेंडू देऊ नका. या वयाचं मूल चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून झेलतं, त्याला मोठा, मऊ, जरा कमी हवेचा चेंडू लागतो. अगदी लहानांसाठी फुगा उत्तम. तो सावकाश खाली येतो, त्यामुळे नजर आणि हात यांचा मेळ बसायला अवधी मिळतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला, ते घशात अडकू शकतात.

आधी समोरासमोर बसून चेंडू घरंगळवणं, मग टप्पा देऊन झेलणं, मग पळत जाऊन पायाने मारणं. मोठ्या मुलांसाठी शेवटी लगोरी, पण ठिकऱ्या तीनच, आणि पाठीत चेंडू मारायचा नाही. कोणीही बाद होऊन बाजूला बसणार नाही. बाद होतं ते बहुधा ज्याला सरावाची जास्त गरज असते तेच मूल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार ३-४ वर्षांच्या मुलांनी रोज किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दमवणारी. आपला तास आठवड्यातून एकदाच आहे, तेव्हा इतर दिवशी संध्याकाळी मुलांना खाली जरूर आणा.

प्रत्येक मुलासोबत घरचं एक मोठं माणूस हवं. आजी-आजोबा आले तर फारच छान. पायात बूट, सोबत पाण्याची बाटली. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत याच गटात मुलाचं वय कळवावं.

– बालक्रीडा समिती