बल्क कूलरची जाळी कोणी साफ करायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की दूध नासल्याच्या आणि फ्रीजर बंद पडल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात आणि त्यांचा दोष बहुधा भारनियमनावर किंवा विजेच्या कमी दाबावर टाकला जातो. तो दोष पुष्कळदा खराही असतो. परंतु हिंगणघाट तालुक्यात गेली नऊ वर्षे दूध संकलन केंद्र चालवताना ध्यानात आलेले आणखी एक कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे कंडेन्सरच्या कॉइलवर, म्हणजे यंत्रातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या आणि त्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर, बसलेला कचरा.

आमच्या केंद्रात १,००० लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करून साठवणारी टाकी, आहे. सुमारे ३५ अंशांवर आलेले दूध त्यात ४ अंशांपर्यंत उतरवावे लागते. दुधातून काढलेली ही सगळी उष्णता आणि तिच्या जोडीला कॉम्प्रेसरच्या कामातून निर्माण झालेली उष्णता कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत सोडली जाते. त्यासाठी आतला गॅस त्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश अधिक तापलेला असावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर गेला म्हणजे अगदी स्वच्छ कंडेन्सरमध्येही गॅसचा द्रव होतो तो ५५ ते ६० अंशांवर. मुळातच यंत्राला अशी ओढाताण असताना पत्र्यांच्या फटी बुजल्या, तर हे तापमान आणि त्याबरोबर गॅसचा दाब आणखी चढतो. तापमानाच्या प्रत्येक वाढीव अंशामागे वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे; शिवाय थंडावा कमी मिळतो तो वेगळाच.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमचा कूलर भर दुपारी ट्रिप होऊ लागला. रात्री मात्र तो बरा चाले, आणि खरे तर या एका गोष्टीवरूनच रोग ओळखता आला असता. आलेल्या मेकॅनिकने गॅस कमी असल्याचे सांगून गॅस भरला, त्याने दाब आणखी वाढला आणि तेव्हापासून यंत्र सकाळीच बंद पडू लागले. मग जास्त दाब होताच यंत्र थांबवणारा कटआउटच खराब आहे असे ठरवून त्याने त्याच्या वायरी सरळ जोडून टाकल्या. आठ दिवसांत कॉम्प्रेसर जळाला, एका संध्याकाळचे सगळे दूध फाटले आणि उत्पादकांचे पैसे मला पदरचे द्यावे लागले. नवा कॉम्प्रेसर बसवायला आलेल्या वयस्क कारागिराने आधी पंख्यासमोरचे झाकण काढले, तो आत रुईची बोटभर जाड गादी निघाली. आमच्या शेडसमोर रस्त्यापलीकडे जिनिंग आहे आणि मागे खळे. नोव्हेंबरपासून उडणारी रुई आणि त्याआधी सोयाबीन काढणीच्या वेळचे कुटार पंखा इमानाने आत ओढत होता. कापसाच्या मुलखात राहून ही गोष्ट आमच्या लक्षात येऊ नये, याची आजही लाज वाटते.

साफसफाईला फार काही लागत नाही. मुख्य स्विच बंद करून झाकण काढावे, मऊ ब्रश पत्र्यांच्या रेषेतच, म्हणजे बहुधा वरून खाली फिरवावा. आडवा फिरवल्यास ते पातळ पत्रे वाकतात आणि वाट पुन्हा बंद होते. हवा किंवा पाणी पंख्याच्या नेहमीच्या ओढीच्या उलट दिशेने मारावे, नाहीतर कचरा आणखी आत जाऊन बसतो. पाण्याची धार हलकी असावी, गाडी धुण्याचा प्रेशर पंप येथे कामाचा नाही. पंख्याची मोटर आणि वायरी प्लास्टिकने झाकाव्यात आणि सगळे कोरडे झाल्यावरच यंत्र सुरू करावे. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड मात्र चुकूनही वापरू नये, ते अ‍ॅल्युमिनियम खाते.

किराणा दुकानातील काचेच्या दाराच्या फ्रीजचा कंडेन्सर पुष्कळदा तळाशी असतो, त्यामुळे रोजच्या झाडूची धूळ थेट त्यात जाते. अनेक डीप फ्रीजरमध्ये मात्र तो बाजूच्या पत्र्याआडच बसवलेला असतो. तेथे पुसण्याजोगी जाळी नसते, म्हणून त्या गरम होणाऱ्या बाजूंना पोत्यांची थप्पी किंवा भिंत टेकू देऊ नये. नव्या फ्रीजच्या पाटीवर 'आर-२९०' लिहिलेले असेल, तर आतला गॅस प्रोपेन, म्हणजे ज्वालाग्राही आहे. बाहेरची जाळी आपण झाडावी, नळ्यांना हात शिकलेल्या कारागिरानेच लावावा.

अडचण आहे ती हे काम नेमके कोणाचे, याची. आम्हाला मिळालेल्या देखभाल करारात बिघाड दुरुस्तीचा उल्लेख आहे, जाळीच्या सफाईचा नाही. केंद्रावरचा मुलगा टाकी रोज धुतो, कारण टाकी सर्वांना दिसते. दूध संघांनी आणि कूलर बसवून देणाऱ्या यंत्रणांनी ही सफाई करारात लिहावी, तिची तारीख तापमानाच्या नोंदवहीतच घालण्याची सक्ती करावी आणि यंत्र बसवतानाच कंडेन्सरचे तोंड जिनिंग वा खळ्याकडे येणार नाही हे पाहावे. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा आणि जिनिंगच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी झाडली जाते. गेल्या मे महिन्यात कूलर दुपारी एकदाच थांबला, आणि तेव्हा गावातलीच वीज गेलेली होती.

आपला,
एक दूध संकलन केंद्र चालक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा