आक्रमक संपल्यावर ती जनावरं खाणार काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवर ऐकायच्या नाटकांबद्दल लेख आला होता. आमच्या पिढीला ही चीज श्रुतिका या नावाने ठाऊक आहे. नागपूर आकाशवाणी 1948 सालची. तिच्यावर श्रुतिका लागली की अंगणात बाजेवर बसलेली माणसं बोलणं थांबवायची. लेखात शिफारस केलेली, परग्रहावरून आलेल्या आक्रमकांचा फडशा पाडायला मुद्दाम पैदा केलेल्या जनावरांची विज्ञान-श्रुतिका मुलाने फोनमध्ये टाकून दिली. हरभऱ्याच्या जागलीला चार रात्रींत ती संपवली. आवडली, पण एका जागी अडकलो. त्यासाठी हे पत्र.

आधी कशी ऐकली ते सांगतो. जागलीत दोन्ही कानांत वायर घालता येत नाही, एक कान डुकरांसाठी मोकळा ठेवावा लागतो. मी डाव्या कानात घातली. कमांडर प्रश्न विचारतोय आणि कुणीच उत्तर देत नाही, हे पहिल्या रात्री काही केल्या कळेना. मग उमगलं की उत्तर देणारी शास्त्रज्ञ बाई उजव्या बाजूला उभी आहे आणि माझा उजवा कान वावरात आहे. त्यानंतर दर थोड्या वेळाने वायर या कानातून त्या कानात. तिसऱ्या रात्री ते जनावर पत्र्यावरून चालत येतं, नखं घासतात, मग ओली घुरघुर. मला वाटलं काय आवाज केलाय! बॅटरी मारली तर धुऱ्यावर पाच-सहा रानडुकरं खरोखरच उभी. डबा बडवला, हाकललं, मचाणावर परत आलो तोवर श्रुतिकेतली अर्धी फौज मेलेली होती.

या नाटकाची ताकद न दाखवण्यात आहे. जनावर किती मोठं, त्याचं तोंड कसं, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही, आणि अंधारात बसून ऐकणाऱ्याला ते कळायची गरजही नाही. म्हणूनच मध्ये एक शिपाई किंचाळून सांगतो, ‘‘बापरे, याला सहा पाय आहेत, पाठीवर खवले आहेत!’’ तेव्हा हसू आलं. जीव मुठीत धरून पळणारा माणूस पाय मोजत नाही.

आता अडकलो कुठे ते. चौथ्या भागात आक्रमक संपतात. पाचव्या भागात त्या जनावरांना अक्कल फुटते, त्यांना आपल्या निर्मात्यांचा राग येतो, आणि त्यातलं एक चक्क भाषण करतं. त्या भाषणाला मी वायर काढून ठेवली. सूड, बंड, गुलामी, एवढं सगळं कशाला? त्यांना भूक लागली होती, एवढं पुरे होतं. आक्रमकांचं रक्त हुंगून मारायला शिकवलेली हजारो जनावरं, आणि रक्त संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती काय खाणार हे त्या प्रयोगशाळेत एकानेही विचारलं नाही. लेखकानेही नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, निवृत्तीनंतर पूर्णवेळ कास्तकार. हा प्रश्न मला परग्रहावरचा वाटत नाही. 1872 साली जमैकातल्या एका ऊसमळ्याच्या मालकाने कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली, चार नर आणि पाच माद्या. ऊस खाणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करायला. सुरुवातीला उंदीर कमी झालेले दिसले, म्हणून 1883 मध्ये त्याच मुंगसांची पिल्लावळ हवाई बेटांवर गेली. पण मुंगूस दिवसा शिकार करतं आणि उंदीर निघतात रात्री. दिवसभर मुंगसाला जे सापडलं ते त्याने खाल्लं: जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, लोकांच्या कोंबड्या. तिथले लोक अजून निस्तरत आहेत. आपल्या गावात धुऱ्यावरून मुंगूस आडवं गेलं तर आपण शुभ म्हणतो. त्याच्याच भाऊबंदाची ही गोष्ट आहे, आणि यात त्याने भाषण केल्याची नोंद नाही.

याच्या उलट गोष्ट आपल्याच देशातली. 1795 मध्ये ब्राझीलहून अंगातून लाल रंग काढायच्या धंद्यासाठी एक किडा आणला, तो निघाला भलत्याच जातीचा. रंग काही हाती लागला नाही, पण फड्या निवडुंगावर तो असा तुटून पडला की माजलेली निवडुंगं बसली. निवडुंग ओसरलं तसा किडाही ओसरला. त्याला दुसरं काही खाताच येत नव्हतं.

आणि गाजर गवत. खराखुरा परका आक्रमक पाहायचा असेल तर आमच्या गावच्या शाळेच्या कुंपणाला यावं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे अमेरिकेकडचं गवत आज कोणत्या पांदणीत नाही? निंदणाऱ्या बायकांच्या हातांना खाज, अंगावर पुरळ, ढोरं तोंड लावत नाहीत. त्याच्यासाठी मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा आणला आणि 1984 पासून आपल्याकडे सोडला. मळकट पांढरा, पाठीवर काळपट नागमोडी रेघा, तुरीच्या दाण्याएवढा. पावसाळ्यात त्याच्या अळ्या गवताची पानं खाऊन काड्या ठेवतात, पावसाळा सरला की भुंगे जमिनीत जाऊन झोपतात. कुठे गवताचा पार खराटा झालेला दिसतो, कुठे भुंगा औषधालाही सापडत नाही. मी दोन्ही पाहिलं आहे.

पण मला आवडते ती त्याच्या आधीची पायरी. सोडण्यापूर्वी त्या भुंग्यांना बंद पिंजऱ्यात एकेका पिकाचं पान तेवढं समोर ठेवून पाहिलं होतं. खायचं तर हेच, नाहीतर उपाशी मर. भुंगे मेले तर पीक सुरक्षित. एवढं करूनही पुढे 1990 च्या दशकात कर्नाटकात ते सूर्यफुलावर दिसले तेव्हा बोंब झाली, चौकशी समिती बसली, सोडणं थांबलं; शेवटी सूर्यफुलावर त्यांचा वंश चालत नाही असं ठरलं. नाटक हवं तर हे आहे. पिंजऱ्यात पान ठेवून बसलेला माणूस, आणि तो भुंगा खातो की मरतो याची वाट पाहणं! आमच्या श्रुतिकेतल्या शास्त्रज्ञ बाईला असा एक प्रवेश दिला असता तर पुढचे दोन भाग वेगळे झाले असते.

माझा स्वतःचा अनुभव मात्र फार उजळ नाही. 2017 ची कपाशीवरची बोंडअळी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने गेलेली माणसंही नाही. त्यानंतर मी ट्रायकोकार्डं आणली. लहानसा कागद, त्यावर खसखशीसारखे काळे ठिपके, एका कार्डावर वीसेक हजार. ती तांदळावरच्या पतंगाची अंडी, आणि ठिपक्याठिपक्यात अर्ध्या मिलिमीटरची एक माशी वाढत असते. बाहेर आलेली मादी बोंडअळीच्या पतंगाची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालते, अळी जन्मालाच येत नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगाला टाचायच्या. शाळेत मुलांचे पेपर टाचायचा स्टेपलर घेऊन मी पऱ्हाटीत फिरलो. सौ. धुऱ्यावरून म्हणाली, ‘‘गुरुजी, झाडाईले मार्क देऊन राहिले का?’’

चार दिवसांनी शेजारच्या वावरात डोमकळ्या, म्हणजे आत अळी शिरून मिटलेली फुलं, दिसल्या. सगळ्यांनी फवारणीचे पंप काढले. मीही काढला. जहाल औषध मारून आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो तेव्हा आठवलं की वावरात माझीच माश्यांची फौज होती. श्रुतिकेत फौज मालकावर उलटते, इथे मालकच फौजेवर उलटला. त्या वर्षी बोंडं किडायची ती किडलीच.

म्हणून निर्मात्यांना आणि आकाशवाणीच्या मंडळींना आपल्यामार्फत एक विनंती. यावर वऱ्हाडीत एखादी श्रुतिका करा. परग्रह नको, पांदण पुरे. कृषी सहायक, दुकानदार, उधारीवर औषध आणणारा कास्तकार, निंदणाऱ्या बाया, पात्रं तयार आहेत. अडचण एकच आहे, ती मला कळते: ही फौज ओरडत नाही, गुरगुरत नाही, चालल्याचा आवाजही करत नाही. मग ऐकवायचं काय? मी सुचवीन, स्टेपलर. दिवेलागणीला, ओल्या पऱ्हाटीत, चालत चालत केलेला टक् टक्, आणि मध्येच दूर कुठेतरी पंप सुरू झाल्याचा आवाज. आणि संवाद असे वाटून द्या की एका कानाने ऐकणाऱ्यालाही दोन्ही बाजू समजतील. जागलीला बसणारे आम्ही बरेच आहोत.

हरभरा अजून महिनाभर उभा आहे आणि डुकरं रोज येतात. पुरवणीत आणखी एखाद्या श्रुतिकेची शिफारस करणार असाल तर लवकर करावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व कास्तकार,
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ