आधी दूध-अंडी, मग बाकीचं

चि. बाळास,
सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना टीबी निघाला आणि सोसायटीतले काही जण त्यांना काढायचं म्हणताहेत, हे वाचून रात्रीच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी मागितलं. त्यांना नवा करार, म्हणजे बायबलमधला येशूच्या शिकवणीचा भाग, वाचायला द्यावा का, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, आत्ता नको. आजारी, गरजू माणसाला मदतीसोबत पुस्तक दिलं की त्याला वाटतं, हे घेतलं नाही तर मदतही बंद होईल. त्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. प्रभू येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, उपकार मानायला एकच परत आला. बाकी नऊ जणांचं आरोग्य प्रभूने काढून घेतलं नाही.

आपल्या नगर जिल्ह्यातलंच जामखेड बघ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. शहरात चांगलं बस्तान बसलं असतं, पण 1970 मध्ये ते जामखेडला आले. तिथे लोकांना औषधाआधी अन्न आणि पाणी हवं होतं, म्हणून डॉक्टर असूनही त्यांनी त्याच कामाला हात घातला. पाण्याचे पंप त्यांनी दलित वस्तीत बसवून घेतले. जे लोक त्या वस्तीची सावली टाळायचे, त्यांच्या घरच्या बायका घागर घेऊन तिथे येऊ लागल्या. पुढे 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्या पुरस्कारापेक्षा तो पंप मोठा वाटतो.

मग त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, सगळं त्या शिकल्या. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायका प्रशिक्षणाला एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. सुरुवातीला हे जेवण किती जड गेलं असेल! गावात ज्यांना पायरीशी थांबवत होते, त्यांनाच मग रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी बोलावणं येऊ लागलं. आरोळे दांपत्याचा येशूवरचा विश्वास लोकांपासून लपून नव्हता, आणि औषध घ्यायला मात्र त्याची अट कधीच नव्हती.

आता तुझ्या हातात जे आहे ते कर. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. दोनेक महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच माणसं गोळ्या सोडतात, मग आजार जास्त चिवट होऊन उलटतो. रोज जाता-येता त्यांना गोळी घेतली का विचार. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात, त्यासाठी त्यांचं नाव आणि खातं नोंदवलंय का, ते दवाखान्यात सोबत जाऊन बघ. पैसे जमा होईपर्यंत दूध-अंडी तू आण. देताना फोटो काढू नकोस, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनेच सांगितलंय.

आणि हो, एक दिवस ते स्वतः विचारतील, साहेब, तुम्ही माझ्यासाठी एवढं का करता? तेव्हा गप्प बसू नकोस. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो तसं, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर दे. येशूचं नाव घ्यायला लाजू नकोस. त्यांना नवा करार हवासा वाटला तर आनंदाने दे. नको म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी दूध तेवढंच जायला हवं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटच. औषधं नीट सुरू झाली की बहुतेकांचा संसर्गाचा धोका काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतो, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन त्यांना दाखव. तोवर काकांना पगारी रजा द्या म्हण. रजेच्या पगाराला सोसायटी का-कू करायला लागली तर मला फोन कर, अर्धा वाटा मी आणि बाबा उचलू.

तुझी,
आई